आधीचं लिहा

मोहाडीत छाटणी उरकली की काड्या तारेला बांधतात.
मला ते आठव्या वर्षी येत होतं.
गाठ कशी, तर वाऱ्यानं सुटू नये,
आणि काडी जाड झाली तरी सालीत रुतू नये.
म्हणून पाथर्डी फाट्याच्या या वृद्धाश्रमात
पहिल्याच रात्रपाळीला
जुन्या लुगड्याच्या पट्ट्या हातात देऊन
त्यांनी शेजवळ आजोबांचा पलंग दाखवला तेव्हा
मला काही शिकवावं लागलं नाही.

हे आधीच सांगून टाकते.

पारखे मॅडम शरणपूरहून यायच्या, स्कूटीवर,
मंगळवारी, दोन ते चार.
गाद्या भिंतीला लावायला लावल्या. बांगड्या काढायला लावल्या.
म्हणाल्या, मुश्ताक, धर माझं मनगट. असं नाही, रागानं धर.
ओढू नका. ओढलं की माणूस आवळतो.
त्याचा अंगठा जिकडे, तिकडे वळवा,
मुठीचं दार तिथंच असतं.
आणि खरंच, मुश्ताककडे नुसती मूठ उरली,
त्याची त्यालाच.

केस धरले तर मागे पळायचं नाही.
त्याचा हात आपल्याच डोक्यावर दाबून धरायचा,
आशीर्वाद घेतल्यासारखा,
आणि त्याच्याच बाजूला सरकायचं.
(छबू हसली. मग तिचे धरले, तेव्हा हसली नाही.)
समोर उभं राहू नका, तिरकं राहा, हातभर लांब.
त्याची वाट अडवू नका. एकानंच बोला, हळू.

मी विचारलं, एवढं करून मारलंच तर?
मॅडमनी ओठ वर करून दात दाखवला, अर्धा.
मग लागेल, म्हणाल्या.
लागलं की वहीत लिहा. पण मारलं, एवढंच नको,
ते कुणालाही लिहिता येतं.
आधीचं लिहा.

सोमवार, सहाला दहा कमी. छबूची पिशवी ओढली.
बुधवार, सहाला पाच कमी. मुश्ताकची कॉलर.
गुरुवार, सहा. मी. दंडावर.
सगळं दारापाशी. सगळं जाणाऱ्यावर.
येणाऱ्याला त्यांनी कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.
तीन महिने आम्ही याला वेडाचा झटका म्हणत होतो.

ओझरहून मुलगी फोनवर म्हणाली,
अहो, बाबा नोटांच्या प्रेसच्या गेटवर होते ना,
एकतीस वर्षं.
सुटताना झडती घेतल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला मी दारात गेले.
पिशवी छातीशी धरली नाही.
तिरकी उभी राहिले, हातभर लांब,
पोटात गोळा होता, तो काही तिरका होत नव्हता.
म्हटलं, साहेब, बघून घ्या.
डबा उघडला. वरचं ताट. खालचं.
अर्धी भाकरी, मेथीचं देठ.
पिशवी उलटी केली, बसचा पास, कंगवा,
रुमालात गुंडाळलेले सात मणुके.
त्यांनी मणुके मोजले. दोनदा.
परत रुमालात बांधून दिले, डब्याचं झाकण
स्वतःच्या हातानं दाबलं,
त्या हातानं, ज्याच्या मनगटावर अजून
पट्टीचा काळा वळ आहे,
माझ्या गाठीचा.
जा, म्हणाले. आणि माझ्या खांद्यावरून पाहत,
पुढचा.
मागे मुश्ताक उभा होता, डबा उघडून.

शनिवारी लाईट गेली तेव्हा चावले. चार टाके.
आधीचं: अंधार.
लिहिलं.

पट्ट्या तळच्या कप्प्यात आहेत, धुऊन ठेवलेल्या.
मॅडम म्हणाल्या जाळ. जाळल्या नाहीत.
नवीन पोरगी येईल एखाद्या रात्री, गाठ येणारी.
तिला दाखवायला लागतील.